दुपारपर्यंत मावशी

"आज दुपारपर्यंत काडी तुझी कोणी लागत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ध्यानात आलं का?"

धाकटी मावशी तांदूळ धूत होती. कोपरापर्यंत पातेल्यात बुडालेले हात तिने बाहेर काढले नाहीत, नुसती मान वर केली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. कपड्यांना धुराचा वास लागतो म्हणून त्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडायच्या नाहीत. आज त्या आत आल्या होत्या.

दाराशी एक पोतं टेकवून ठेवलं होतं. त्यात नव्या पिवळ्या थाळ्या होत्या. शाळांतली मुलं फार जाड व्हायला लागली आहेत असं सरकारच्या लक्षात आलं होतं. तेव्हा वजन करून जाड मुलं बाजूला काढायची आणि त्यांना पिवळ्या थाळीत जेवण द्यायचं असं ठरलं होतं. पिवळ्या थाळीत भाताचा अर्धाच डाव. गोड नाही. मागून वाढणं नाही. थाळी पिवळी कशाला, तर वाढणारीला लांबून दिसावी म्हणून. वाढणारीला दिसते ती सगळ्या शाळेला दिसते, हे ठरवणाऱ्याला कळलं नसेल असं नाही. कळूनच ठरवलं होतं.

पलीकडच्या शाळेत काय झालं तेही बाईंनी सांगितलं. साहेब तपासणीला गेले, आणि पहिली पिवळी थाळी निघाली ती तिथल्या वाढणारीच्याच पोराच्या हातात. साहेबांनी तिचा एक शब्द ऐकून घेतला नाही. मुलांच्या तोंडचं पळवून स्वतःच्या पोराला चारते म्हणाले, आणि तिच्या हातातला डाव काढून घेतला. मुख्याध्यापकांची बदली झाली ती वेगळीच. मोठ्या बाईंना बदली नको होती. त्यांचं घर शाळेच्या समोर होतं.

"मी कुणाच्या तोंडचं पळवत नाही, बाई," धाकटी म्हणाली. "उरलेलं नेते. तुम्हीच म्हणाला होतात, फेकण्यापेक्षा घेऊन जा."

"म्हणाले होते. पण मी म्हणाले होते असं तू म्हणायचं नाही."

आज पोरीला, काडीला, घरीच ठेवते, असं धाकटीने सुचवून पाहिलं. बाईंनी मान हलवली. गैरहजर पोरांच्या घरी जाऊन वजन करतात म्हणे. घरी गेले की डबा बघणार, भांडी बघणार, मग तर संपलंच. पोरगी शाळेत असली पाहिजे, रांगेत असली पाहिजे, फक्त तुझी नसली पाहिजे.

चुलीपाशी थोरली मावशी होती. थोरली रांधायची, धाकटी वाढायची. नावं पोरांनीच ठेवलेली. थोरलीने उलथनं आपटून भाजीचं पाणी झटकलं.

"लपवायचीच म्हटली तरी पोरीला लपवणार कुठे?" ती म्हणाली. "गोदामात घातली तर तांदूळ बाहेर काढावा लागेल."

बाईंना हसू आलं. धाकटीही हसली. आपल्या पोरीवर हसायची तिने सवय करून घेतली होती. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं जरा कमी लागतं.

काडी हे नाव जन्मापासूनचं. पोर झालं तेव्हा सासूने फडकं बाजूला करून पाहिलं आणि म्हणाली, ही काय काडी. तेच चिकटलं. वस्तीतल्या पोषण केंद्रावर तिला झोळीत घालून काट्याला टांगलं, तर काटा हललाच नाही म्हणायचा. केंद्रावरच्या बाईने सगळ्या बायकांसमोर मोठ्याने विचारलं, पोरीचं तूच खातेस काय गं? धाकटी तेव्हा स्वतः भिंतीला धरून उभी राहायची. त्या दिवशी तिने एक गोष्ट मनात पक्की बांधून ठेवली, की आईची लाज पोराच्या वजनात असते.

मग सरकारी पाकिटं सुरू झाली. गोड भुकटी. साखर, मैदा, तेल आणि वर वासाला काहीतरी. गरम पाण्यात कालवायची आणि भरवायची. धाकटी देवाचं करावं तसं करायची. एक घास स्वतःच्या तोंडात गेला तर जीभ झडेल असं तिला वाटायचं. काडी भरली. गालावर मांस आलं, मनगटाला वळ्या पडल्या. केंद्रावरची तीच बाई आता तिला कडेवर घेऊन मिरवायला लागली. आणि एक दिवस कॅमेरावाले आले.

तो फोटो पुढे भिंतीभिंतीवर लागला. शाळेच्या जेवणाच्या पत्र्याखालीही तो होता: गोल गरगरीत बाळ, तोंडाला भुकटी फासलेली, डोळे हसणारे, आणि खाली अक्षरं, "रोज एक पाकीट, बाळ बाळसेदार." बाळाच्या तोंडाशी चमचा धरलेला एक हात होता. फक्त हात. आई फोटोत आली होती, पण तिच्या ओढलेल्या चेहऱ्याने जाहिरात बिघडली असती, म्हणून मनगटापासून तिला कापून टाकलं होतं.

बाळ बाळसेदार झालं, म्हणून पाकिटं बंद झाली. भूक काही बंद झाली नाही. काडीच्या जिभेला गोड लागलेलं होतं आणि पोटाला भरल्याची सवय. नवरा लांबच्या बांधकामावर. यायचा तेव्हा पाहुण्यासारखा. धाकटी शाळेत वाढायला लागली, उरलेला भात डब्यात घालून घरी न्यायला लागली. सरकारी दुकानातून मिळायचा तो तांदूळ, मैदा, साखर, तेल. भाजी नाही, फळ नाही, अंडं नाही. ते गोदामात टिकत नाही. जे गोदामात टिकतं ते गरिबाच्या पोरांनी खायचं, एवढंच ह्यात शास्त्र. आणि ते गोदाम बांधायला जागा कुठली घेतली, तर शाळेचं मैदान. मुलांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आणि तिच्यावर त्यांच्या पोटासाठी पोती रचली. पोरं आता वर्ग ते जेवण आणि जेवण ते वर्ग एवढी चालायची. घरापुढच्या रस्त्यावर गोदामाचे ट्रक, म्हणून धाकटी कामावरून उशिरा येईपर्यंत काडी कडी लावून खोलीत. खोलीत काय असतं? साखरेचा डबा असतो.

एकदा धाकटीने तो डबा वर माळ्यावर ठेवला. संध्याकाळी आली तर स्टूल आडवं, डबा उघडा, काडीच्या ओठांना साखर. तिने पोरीला मारलं. हाताने मारलं, मग लाटण्याने मारलं. काडी ओरडली नाही, नुसती म्हणाली, आई भूक लागली होती. मग दोघी भिंतीला टेकून बसल्या आणि धाकटीने त्याच डब्यातली चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली. दुसरं काय होतं घरात?

तांदूळ चुलीवर चढला. मोठ्या बाई गेल्या. प्रार्थनेच्या आधी काडी रोजच्यासारखी स्वयंपाकघरात आली. चौथीतली पोर, पण गणवेश सातवीतल्या मुलीचा, तोही कमरेवर पिनेने अडकवलेला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून आली तरी तिला धाप लागली होती.

धाकटीने ओले हात पुसले. ती तिच्या डोळ्यांकडे न बघता बोलली. साहेब येणार आहेत, वजन करणार आहेत. साहेब असेपर्यंत मला मावशी म्हणायचं.

"सगळी म्हणतात तसं?"

"सगळी म्हणतात तसं."

"आणि तू मला काय म्हणणार?"

ह्याचा धाकटीने विचारच केला नव्हता. "काही नाही म्हणणार," ती म्हणाली. "आज हाकच मारणार नाही."

काडी पिनेशी चाळा करत उभी राहिली. "मी जाड आहे म्हणून?"

धाकटीने पातेल्यावर झाकण ठेवलं. थोरलीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, अगं, साहेबांना नात्यातली माणसं एकत्र बघवत नाहीत, त्यांची बायको माहेरी गेली असेल. काडी हसली. तिला विनोद कळला होता आणि उत्तर टाळलेलंही कळलं होतं. जाताना दारात वळून ती म्हणाली, "येते, मावशी," आणि कसं जमलं असं बघायला थांबली. धाकटीने जमलं म्हणून मान हलवली.

पोरगी गेल्यावर थोरली जवळ आली. आज हात आवर, म्हणाली. धाकटीला कळलं ती कशाबद्दल बोलतेय.

वाढण्याच्या कामात एक गोष्ट असते. डाव भरायचे दोन प्रकार. भात हलकेच उचलून डावात फुलवला की ढीग दिसतो, पण थाळीत पडला की बसतो. तोच डाव पातेल्याच्या कडेला दाबून भरला की वरून सपाट दिसतो आणि आत दुप्पट मावतो. फुलवून वाढायचं, हे थोरलीनेच तिला शिकवलं होतं. गोदामातून जेवढा तांदूळ निघाल्याचं सांगतात तेवढा चुलीपर्यंत पोचत नाही, मग थाळ्या भरायच्या कशाने? हवेने. रोज सगळ्यांना फुलवलेला डाव पडायचा. काडीला दाबलेला. मनगट जरासं आत वळायचं, बस. कोणाच्या लक्षात येत नसे. आधी धाकटीच्याही येत नसे. हात आपोआप दाबायचा, कारण त्या हाताला अजून तो न हललेला काटा आठवत होता.

साहेब वेळेवर आले. वयाने तरुण होते, बोलायला मऊ. आल्याआल्या त्यांनी मुलांना बसा म्हटलं, पाणी मागितलं तेही कृपया म्हणून. ओरडणारा माणूस असला तर त्याला शिव्या तरी देता येतात. त्यांच्याबरोबर एक नर्स होती आणि वजनाचं यंत्र. यंत्र जेवणाच्या पत्र्याखालीच मांडलं, त्या फोटोच्या समोर. एकेक मूल चढायचं, नर्स आकडा सांगायची, आणि आकडा जास्त असला तर शिपाई त्या मुलाच्या हातात पिवळी थाळी द्यायचा. थाळी मिळालेली मुलं भिंतीशी उभी राहायची. ती काही फार नव्हती. एक मुलगा थाळी शर्टात लपवायला बघत होता, पण ती शर्टात मावत नव्हती.

काडीची पाळी आली तेव्हा मागून कुजबुज झाली. कोणीतरी यंत्राला नमस्कार करून सांभाळ बाबा म्हटलं. नर्सने आकडा सांगितला आणि साहेबांनी पुन्हा सांगायला लावला. मग नर्सने काडीची पापणी खाली ओढून पाहिली. नखं पाहिली.

"साहेब, हिच्या अंगात रक्तच नाही," ती म्हणाली. "पांढरीफटक आहे. हिला खायला लागेल. चांगलं खायला लागेल."

"एवढी मोठी आहे आणि खायला लागेल?"

"मोठी आहे, पण उपाशी आहे."

साहेबांनी क्षणभर विचार केला. त्यांना कळलं नाही असं नाही. पण ते म्हणाले, आपल्या योजनेत फक्त वजन आहे, रक्ताचं काम दुसऱ्या खात्याकडे. शिपायाने काडीच्या हातात पिवळी थाळी दिली.

पातेल्यामागे धाकटी उभी होती. डाव हातात, अजून वाढायला सुरुवात नाही. पोरीची पापणी ओढली तेव्हा तिचीच पापणी जळजळली. मोठ्या बाई साहेबांच्या मागे उभ्या राहून तिच्याकडे एकटक बघत होत्या.

साहेबांना मुलांशी दोन शब्द बोलायची हौस आली. मुलं भेदरलेली होती, त्यांना जरा खुलवावं असं त्यांना मनापासून वाटलं असेल. भिंतीवरचा फोटो जुना होता, कोपरे निघालेले, पण त्यांना तो आवडला. त्यांनी बोट दाखवून विचारलं, हे बाळ बघा, कसं आहे? सुदृढ! असं असावं मूल. आपल्याच खात्याने केलेलं काम आहे हे. मग पुढे मुलं अशी जाड का होतात, सांगा बरं?

पोरं खुदखुदायला लागली. सगळ्या शाळेला ते बाळ कोण ते माहीत होतं. साहेबांना वाटलं आपलं काही चुकलं. काय झालं हसायला, त्यांनी विचारलं.

भिंतीशी पिवळी थाळी छातीशी धरून काडी उभी होती. तिने मान ताठ केली. तिच्या सगळ्या आयुष्यात तिचं कौतुक एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते आत्ता तिच्या डोक्यावर होतं.

"ती मीच आहे," ती म्हणाली.

साहेब हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. डोळे तेच होते. नर्सनेही पाहिलं आणि मान खाली घातली.

"खरंच गं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊच होता, आणि म्हणूनच तो सगळीकडे ऐकू गेला. "मग तुझ्या आईने हे काय केलं तुझं? कुठाय तुझी आई? मला भेटायचंय तिला."

पोरं सगळी धाकटीकडे बघायला वळणार होती, आणि वळली नाहीत. पोरांना बरंच कळतं. थोरली पातेल्याच्या तळाशी काहीतरी शोधत राहिली. मोठ्या बाईंचे ओठ पांढरे पडले होते.

धाकटीच्या हातात डाव होता. मी आहे, असं दोन शब्दांत म्हणता आलं असतं. मी आहे, तुम्ही दिलं ते मी चारलं, दुसरं काय चारू ते सांगा. पण डाव गेला की डबा गेला, डबा गेला की खोलीत फक्त साखर उरते. तिने थाळीच्या काठाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं, फक्त पोरीकडे पाहिलं नाही.

काडीने मात्र पाहिलं. थोडा वेळ ती आईचं तोंड बघत राहिली, ते उघडतंय का म्हणून. मग साहेबांकडे वळली.

"आई नाही इथे," ती म्हणाली. "कामाला गेली आहे."

"बरं. मग तिला सांग, प्रेम म्हणजे नुसतं खायला घालणं नव्हे म्हणावं."

"सांगते," काडी म्हणाली.

साहेबांनी मोठ्या बाईंना तो फोटो काढून टाकायला सांगितला. जुना झालाय, चुकीचा संदेश जातो. शिपाई लगेच स्टुलावर चढला.

वाढायला सुरुवात झाली. साहेब डाव बघायला पातेल्याशेजारीच उभे राहिले. धाकटीने फुलवून फुलवून वाढलं, एकेक थाळी, एकेक ढीग. ढीग छान दिसत होते. साहेबांनी मान डोलावली. पिवळ्या थाळ्या शेवटी आल्या. शर्टात थाळी लपवणाऱ्या मुलाने खाली बघत अर्धा डाव घेतला आणि पळाला.

मग काडी आली. तिने थाळी दोन्ही हातांनी पुढे धरली, परक्याच्या घरी धरतात तशी.

"मावशी, वाढा," ती म्हणाली.

सकाळी दारात म्हणाली होती तसं नव्हतं हे. त्यात खेळ नव्हता. रोज ती "आई, वाढ ना" म्हणायची, त्यातलं काहीच नव्हतं.

धाकटीचं मनगट आत वळलं. तिने वळवलं नाही, ते वळलं. पातेल्याच्या कडेला भात दाबला गेला, आणि वरून अर्धा दिसणारा, आतून गच्च भरलेला डाव पिवळ्या थाळीत पडला. धप्प असा आवाज झाला. फुलवलेल्या भाताचा असा आवाज होत नाही. साहेबांना काही कळलं नाही.

काडीला कळलं. तिने थाळी मागे घेतली नाही. बोटांनी तो गोळा मधोमध फोडला, अर्धा उचलला आणि पातेल्यात परत टाकला.

"अर्धाच द्यायचा आहे ना, मावशी," ती म्हणाली, आणि बोटं चाटता चाटता थांबली. तिने ती गणवेशाला पुसली. मग जाऊन भिंतीशी बसली, जिथून फोटो काढलेला होता आणि त्या जागी भिंत जरा उजळ दिसत होती.

साहेब कौतुकाने म्हणाले, मुलगी समजूतदार आहे.

त्या दिवशी भात बराच उरला. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, आज ने हवं तर, आज काही हरकत नाही. थोरलीने न विचारता डबा भरून दिला. गुंडाळलेला फोटो तिने चुलीशेजारी ठेवला होता. उद्या जाळ घालायला होईल म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. धाकटीने तो उचलून काखेत मारला.

काडी फाटकाशी उभी होती. शाळा सुटून वेळ झाला होता, बाकी पोरं गेली होती. धाकटी तिच्याजवळ जाऊन तिचं दप्तर घ्यायला वाकली.

"काडी," तिने हाक मारली. "झालं आता. आता आई म्हण."

काडीने दप्तर दिलं नाही. ते तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"साहेबांची गाडी आहे अजून," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

धाकटीने वळून पाहिलं. शाळेसमोरचा रस्ता मोकळा होता. गाडी केव्हाच गेली होती.

काडी पुढे चालत होती, धापा टाकत, थांबून श्वास घेत, पण मागे न बघता. दोघींत अंतर होतं, रस्त्यातून एका दिशेने जाणाऱ्या दोन अनोळखी बायकांत असतं तेवढं. धाकटीने ते कमी केलं नाही. ती मागून चालत राहिली, एका हातात भरलेला डबा, काखेत फोटोतला तिचाच एक कापलेला हात.